शितावरून भाताची परीक्षा

भात झाला का हे बघायला आई पातेल्यातलं एक शीत डावाने वर काढायची, दोन बोटांत दाबायची आणि गॅस बंद करायची. शितावरून भाताची परीक्षा! ती कधी चुकली नाही. चुकणार तरी कशी? सगळं पातेलं एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजतं. एका शिताचं जे झालं तेच बाकीच्यांचं झालं असणार, हे धरून चालायला काही हरकत नसते.

माझं नोकरीचं आयुष्य मात्र अशा पातेल्यांपाशी गेलं जिथे ही म्हण चालत नाही. प्रोग्रॅममध्ये दहा हजार ओळी असतात आणि त्यातली कुठलीही एक, बाकीच्या उत्तम शिजलेल्या असताना, कच्ची राहू शकते. मग किती शितं दाबून बघायची? आणि पुरेशी बघून झाली हे ठरवायचं कसं? यावर आमच्या धंद्यातलं एक उत्तर म्हणजे ‘कोड कव्हरेज’. चाचण्या चालवायच्या आणि त्यात प्रोग्रॅमच्या किती ओळी प्रत्यक्ष चालल्या ते मोजायचं. रिपोर्टमध्ये चाललेल्या ओळी हिरव्या दिसतात, न चाललेल्या लाल, आणि वर कोपऱ्यात एक टक्केवारी.

या टक्केवारीला साठ वर्षांचा इतिहास आहे. पण तो मी वाचला तो माझ्या हातून एक चूक झाल्यावर. त्यामुळे आधी ती चूक सांगते.

*

२००५ साल. अंधेरी पूर्वेला एका कंपनीत मी नोकरीला होते. काम परदेशातल्या ग्रुप इन्शुरन्सचं. रात्री चालणारा एक प्रोग्रॅम होता. प्रत्येक सभासदाची नोंद घ्यायची, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं किती ते बघायचं, त्यावरून जादा हप्ता काढायचा आणि पत्र छापायला पाठवायचं. करारात अट होती, कव्हरेज किमान ८५ टक्के. जुलैच्या मध्यावर आम्ही ७१ वर अडकलो होतो आणि डिलिव्हरी महिनाअखेरीला होती.

दोन दिवसांत मी ते ७१ चे ८८ केले. कसे, ते आज सांगायला लाज वाटत नाही, कारण नंतर बऱ्याच ठिकाणी बऱ्याच जणांना हेच करताना पाहिलंय. लाल ओळी दिसल्या की त्या चालतील असा काहीतरी डेटा द्यायचा, फंक्शनला हाक मारायची, आणि ते काय उत्तर देतंय ते बघायचंच नाही. प्रोग्रॅम मध्येच कोसळला नाही म्हणजे चाचणी पास!

आमचे सर पन्नाशीचे, मुलुंडचे. कोबोलवर हयात घालवलेला माणूस. रिपोर्ट बघून म्हणाले, “अगं, दोन दिवसांत सतरा टक्के? काय काय सापडलं?”

“काही नाही सर. सगळं बरोबर आहे.”

“काहीच नाही सापडलं?”

मी नाही म्हटलं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि रिपोर्टवर सही केली.

पुढच्या मंगळवारी २६ जुलै होती. त्या दिवसाबद्दल प्रत्येक मुंबईकराकडे स्वतःची एक गोष्ट आहे, माझी काही वेगळी नाही. रात्र ऑफिसात काढली, कँटीनवाल्याने असेल नसेल ते शिजवून घातलं, आणि सकाळी आम्ही सातआठ जण चालत निघालो. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पवई, मग कांजूर, मग एलबीएस मार्गाने मुलुंड. सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पुढे चालत होते. त्या वाटेवर त्यांनी मला ‘रेडी ट्रेस’ची गोष्ट सांगितली.

जुन्या मेनफ्रेमवरच्या कोबोलमध्ये READY TRACE, म्हणजे आपल्या लिपीत ‘रेडी ट्रेस’, अशी एक आज्ञा होती. ती टाकली की प्रोग्रॅम ज्या ज्या पॅराग्राफमधून जाईल त्याचं नाव छापत जायचा. सर ते कागद घेऊन बसत आणि प्रोग्रॅमच्या लिस्टिंगवर लाल-निळ्या पेन्सिलीने खुणा करत. हा पॅराग्राफ चालला, हाही चालला. शेवटी ज्यांच्यापुढे खूण नाही ते उरत. “मग त्या उरलेल्यांकडे बघत बसायचं,” सर म्हणाले. “हा का नाही चालला? मी डेटा द्यायला विसरलो की हा कधी चालणारच नाही? निम्म्या चुका तिथेच सापडायच्या. खुणा झालेल्यांत नाही.”

मी हो हो म्हटलं. माझं लक्ष पायाखालच्या उघड्या गटारांकडे होतं.

*

आता इतिहासाकडे.

आपल्याकडचा पहिला देशी संगणक टिफ्रॅक १९६० मध्ये कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चालू झाला. १९६४ मध्ये तिथेच सीडीसी ३६०० आला. त्या काळात संगणकाचा वेळ सोन्याच्या भावाचा. प्रोग्रॅम कार्डांवर पंच करायचा, गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि उत्तराची वाट बघायची. एक स्वल्पविराम चुकला की पुन्हा रांगेत! साहजिकच लोक कागदावर दहादा तपासायचे आणि यंत्रावर एखाददुसरी चाचणी करायचे. उत्तर ओळखीचं आलं की प्रोग्रॅम बरोबर. म्हणजे शितावरून भाताचीच परीक्षा.

हे पुरेसं नाही, आणि पुरेसं म्हणजे किती ते मोजता येईल, असं व्यवस्थित मांडणारा पहिला लेख साधारणपणे १९६३ चा मानला जातो. जोन मिलर आणि क्लिफर्ड मलोनी या दोघांनी अमेरिकेतल्या एसीएम या संस्थेच्या मासिकात तो लिहिला. मुद्दा साधा होता. प्रोग्रॅममधल्या वाटांचा नकाशा काढा आणि प्रत्येक फाट्यावरून किमान एकदा तरी जाणं होईल अशा चाचण्या पद्धतशीर बेता. लहर लागेल तो डेटा देऊन बघू नका. सर हा लेख वाचून पेन्सिल चालवत होते असं मला वाटत नाही. गरजच अशी आहे की शहाण्या माणसाला ती आपोआप सुचते.

पण ‘सगळ्या वाटा’ म्हणजे किती? इथे एक गंमत आहे. समजा प्रोग्रॅममध्ये एकापुढे एक असे फक्त ३० ‘जर-तर’ आहेत. प्रत्येक ठिकाणी डावीकडे किंवा उजवीकडे. एकूण वाटा होतात दोनाचा तिसावा घात, म्हणजे १०७ कोटींहून जास्त. सेकंदाला एक चाचणी केली तरी ३४ वर्षं लागतील. म्हणजे पहिल्या दिवशी नोकरीला लागलेला टेस्टर हे काम संपवून थेट निवृत्तच होईल! आणि ३० जर-तर म्हणजे काहीच नाही, एका साध्या फॉर्मला तेवढे लागतात.

त्यामुळे डाइक्स्ट्रासारखे लोक साठच्या दशकाच्या अखेरीला स्पष्टच सांगू लागले की चाचणीने चूक आहे हे दाखवता येतं, चूक नाही हे कधीच दाखवता येत नाही. गणिताने सिद्ध करा नाहीतर गप्प बसा, असा तो सूर. ते बरोबरच होतं, पण बाकीच्या जगाला सोमवारी पगार वाटायचे होते.

मग तडजोडी निघाल्या. सगळ्यात स्वस्त तडजोड म्हणजे प्रत्येक ओळ एकदा तरी चालली पाहिजे. त्याहून कडक, प्रत्येक ‘जर’चं उत्तर एकदा हो आणि एकदा नाही आलं पाहिजे. १९७६ मध्ये टॉमस मॅककेबने एक सोपं माप दिलं. प्रोग्रॅममधले निर्णय मोजा आणि त्यात एक मिळवा, म्हणजे एकमेकींपासून स्वतंत्र अशा वाटा किती ते कळतं. आपल्या ३० जर-तरांसाठी हा आकडा येतो ३१. कुठे १०७ कोटी आणि कुठे ३१! ३१ चाचण्या लिहिणं माणसाच्या आवाक्यातलं आहे. अर्थात ३१ म्हणजे १०७ कोटी नव्हेत, हे विसरायचं नाही. लोक नेमकं तेच विसरतात.

याच सुमारास आमच्या उपनगरात हा धंदा रुजत होता. सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन, म्हणजे आपलं सीप्झ, अंधेरी पूर्वेला १९७३ मध्ये सुरू झालं. नावात सांताक्रूझ आणि जागा अंधेरीत, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी काढलेल्या या जागेत सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात टाटा बरोज आली आणि सॉफ्टवेअर ही पण निर्यात करायची वस्तू ठरली. १९८५ मध्ये जुहूला एनसीएसटी निघालं आणि कुलाब्याच्या संशोधन संस्थेतल्या कामाची एक फांदी उपनगरात आली. नव्वदच्या दशकात वायटूके आलं. वर्षाचे दोनच आकडे साठवणारे परदेशातले जुने कोबोल प्रोग्रॅम बोटीने भंगार यावं तसे आपल्याकडे आले. त्या कामात कोड बदलण्याइतकाच, बरेचदा त्याहून जास्त वेळ तपासण्यात जायचा. दुसऱ्याने वीस वर्षांपूर्वी लिहिलेलं, लिहिणारा सापडत नाही, कागदपत्रं नाहीत. अशा वेळी कुठला भाग चालून बघितला आणि कुठला नाही याची नोंद हाच एक आधार. सरांची लाल-निळी पेन्सिल बहुतेक तिथलीच.

*

सगळ्यात कडक तडजोड केली विमानवाल्यांनी. १९९२ मध्ये डीओ-१७८बी नावाचं त्यांचं मार्गदर्शक आलं. ज्या सॉफ्टवेअरच्या चुकीने विमानच पडेल त्याला त्यात ‘एमसी/डीसी’ नावाची अट आहे. नाव भीतीदायक आहे, कल्पना तशी नाही. समजा, एसी लोकलच्या दाराचा एक काल्पनिक नियम घेऊ. गाडी थांबलेली असेल, आणि गार्डने किंवा मोटरमनने बटण दाबलं असेल, तर दार उघड. यात तीन अटी आहेत, म्हणून शक्यता आठ. आठही तपासायची गरज नाही. पण तिन्ही अटींपैकी प्रत्येक अट, बाकीच्या तशाच ठेवून, एकटीच्या बळावर निकाल फिरवते हे दाखवायला हवं. त्याला चार चाचण्या पुरतात. गाडी थांबलेली आणि गार्डने बटण दाबलं, दार उघडलं. गार्डने दाबलं पण गाडी चालू, नाही उघडलं. थांबलेली आणि मोटरमनने दाबलं, उघडलं. थांबलेली पण दाबलंच नाही कुणी, नाही उघडलं. अटी दहा असल्या तर शक्यता १०२४, चाचण्या किमान ११.

पण मला त्यातलं खरं आवडलं ते वेगळंच. तिथे चाचण्या कोड बघून लिहायच्या नसतात. विमानाने काय करायला हवं यावरून त्या आधी लिहायच्या, चालवायच्या, आणि मग कव्हरेज मोजायचं. एखादी ओळ लाल राहिली तर विचारायचं की आपण चाचणी विसरलो, की गरज लिहायलाच विसरलो, की ही ओळ इथे नकोच आहे? म्हणजे लाल ओळ हा प्रश्न असतो. ती रंगवून हिरवी करायची नसते.

हे वाचताना मला पवईच्या रस्त्यावर पँट दुमडून चालणारे सर आठवले. हेच तर ते सांगत होते.

पुण्यात १९८१ पासून टाटांचं संशोधन केंद्र आहे, टीआरडीडीसी. तिथल्या लोकांनी २००९ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सी भाषेतला प्रोग्रॅम दिला की एमसी/डीसीसारख्या अटी पुऱ्या करणारा चाचणीचा डेटा आपोआप तयार करणारं साधन त्यांनी बनवलं होतं. म्हणजे या इतिहासात आपल्या लोकांचं नुसतं मनुष्यबळ नाही, थोडं डोकंही आहे.

*

आता चूक कशी फुटली ते.

सप्टेंबरमध्ये क्लायंटकडून फोन आला. काही शे सभासदांना भलत्याच रकमेची पत्रं गेली होती. सगळे एकटे राहणारे, बरेचसे म्हातारे. आम्ही कोड उघडला. अवलंबून असलेली माणसं असतील तर रक्कम काढ, असं लिहिलेलं. नसतील तर? काहीच लिहिलेलं नव्हतं. रक्कम शून्य करायची राहून गेली होती. त्यामुळे रांगेतल्या आधीच्या सभासदाची रक्कम तशीच पुढच्याच्या पत्रावर जायची. चार मुलांच्या बापाचा हप्ता एखाद्या विधुराच्या नावावर!

पहिल्यांदा मला वाटलं, हा ओळी मोजण्याचा दोष. ‘नसतील तर’ची ओळच नाही, मग ती लाल कशी दिसणार? न लिहिलेल्या ओळीचं कव्हरेज निघत नाही. हे खरंच आहे आणि पुस्तकांतही असतं. घरी जाताना लोकलमध्ये मी हेच स्वतःला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी माझ्या त्या दोन दिवसांतल्या चाचण्या उघडून बघितल्या. एकीत मी दोन सभासद दिले होते. पहिल्याला तीन मुलं, दुसऱ्याला कुणी नाही. म्हणजे प्रोग्रॅम बरोब्बर त्या वाटेने गेला होता. चुकीची रक्कम माझ्या मशीनवर, माझ्या चाचणीत जुलैतच निघाली होती. मी फक्त बघितली नव्हती.

कव्हरेज विचारतं, तिथे गेलात का? तिथे काय दिसलं हे ते विचारत नाही. ते माणसाने विचारायचं असतं, आणि सरांनी मला तेच विचारलं होतं.

याचं याहून फार मोठं उदाहरण म्हणजे ४ जून १९९६ ला उडालेलं एरियान ५. इंजिन पेटल्यावर जेमतेम ३७ सेकंदांत ते वाट सोडून फुटलं. एका मोठ्या संख्येचं रूपांतर १६ बिटांच्या छोट्या डब्यात करायला गेले आणि ती मावली नाही. तो कोड आधीच्या एरियान ४ वरून तसाच उचललेला होता. म्हणजे ती ओळ न चाललेली नव्हती. एरियान ४ च्या प्रत्येक उड्डाणात ती चालली होती, बिनतक्रार. नवं रॉकेट वेगळ्या मार्गाने, जास्त आडव्या वेगाने जातं, आणि त्या मार्गाचा डेटा देऊन कुणी ती तपासली नव्हती. ओळ हिरवी, पण भलत्याच रॉकेटवर.

*

२६ जुलैचे आकडे नंतर सगळ्यांना पाठ झाले. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३. एकाच शहरात, पंचवीसएक किलोमीटरच्या अंतरात! कुलाब्याचं शीत दाबून बघणाऱ्याला वाटलं असतं, नेहमीचाच पावसाळी दिवस आहे. इकडे मिठी नदी कुर्ल्यात, साकीनाक्यात लोकांच्या घरात शिरली होती. पुढे माधवराव चितळ्यांची समिती बसली. महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकं बसवली, बरीचशी अग्निशमन केंद्रांच्या गच्च्यांवर. दोन ठिकाणांवरून मुंबईची परीक्षा होत नाही हे कळायला एवढं व्हावं लागलं.

पण गच्चीवर मापक आहे म्हणजे झालं असंही नाही. त्याचा आकडा रात्री दोन वाजता कुणीतरी वाचायला हवा, आणि वाचून फोन उचलायला हवा.

२०१४ मध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद हैदराबादला भरली होती. तिथे कॅनडाच्या वॉटरलू विद्यापीठातल्या दोघांनी एक अभ्यास मांडला. पाच मोठ्या जावा प्रोग्रॅमसाठी त्यांनी ३१ हजार चाचणी-संच बनवले आणि बघितलं की कव्हरेज जास्त असलेला संच खरंच जास्त चुका पकडतो का. चाचण्यांची संख्या सारखी ठेवली तर संबंध फार पक्का निघाला नाही. म्हणून त्यांनी सांगितलं की कव्हरेज कुठे तपासलं नाही ते दाखवायला वापरा, दर्जाचं लक्ष्य म्हणून नको. चुका पकडल्या जातात का हे बघायची पद्धतही गंमतशीर आहे. कोडमध्ये मुद्दाम एकेक छोटी चूक पेरायची आणि चाचण्या ओरडतात का बघायचं. ही कल्पना १९७८ पासूनची. माझ्या त्या सतरा टक्क्यांत कुणी हजार चुका पेरल्या असत्या तरी त्या ढिम्म राहिल्या असत्या.

*

क्लायंटबरोबरच्या कॉलवर सर म्हणाले, “रिव्ह्यू मी केला होता, जबाबदारी माझी.” मी शेजारच्या खुर्चीत बसले होते आणि गप्प राहिले. वर्षअखेरीला त्यांना त्या प्रोजेक्टवरून काढलं. पुढच्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली.

खूप वर्षांनी मुलुंडला त्यांच्या घरी गेले तेव्हा मी ते सांगून टाकलं. त्या चाचण्या पोकळ होत्या, आणि मला ते माहीत होतं. काकूंनी पोहे आणून ठेवले होते. सर म्हणाले, “मला तेव्हाच कळलं होतं गं. दोन दिवसांत सतरा टक्के आणि एकही चूक नाही, असं कुठे असतं? पण महिनाअखेर होती. मी पण तो आकडाच बघितला.” मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

हल्ली एआयला सांगितलं की दहा मिनिटांत नव्वद टक्के कव्हरेजच्या चाचण्या लिहून मिळतात. मला जे करायला दोन दिवस लागले ते आता चहा होईस्तोवर होतं. माझ्या टीममधली मुलं हिरवागार रिपोर्ट घेऊन येतात तेव्हा मी आकड्याबद्दल काही बोलत नाही. एवढंच विचारते, “काय काय सापडलं?”

‘काही नाही’ म्हणाले तर खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसते, आणि आम्ही पहिल्या चाचणीपासून वाचायला लागतो.

असो. भात लावलाय, बघायला हवं.